समुद्रावर न घालायचे मोजे

पाऊस पडून गेला की खरवडायचं,
कोरड्यात ते दगड सोडत नाही,
ऑइरिग म्हणाली, आणि एप्रनच्या खिशातून
एका कडेने झिजलेला पत्र्याचा चमचा काढून
माझ्या हातात दिला.
चमचा तिच्या सासूचा. सासू डावखुरी.
मला तो शेवटपर्यंत वळला नाही.

हेब्रिडीजचा पश्चिम किनारा. झाड एक नाही.
खडकांना मात्र करडे पापुद्रे सुटलेले,
क्रॉटल, ती म्हणते त्यांना.
आमच्याकडे दगडफूल म्हणतात, मी सांगितलं,
तेलात परतून मसाल्यात घालतात.
तिने हात थांबवला.
खाता?
आणि वाऱ्याकडे पाठ करून इतकी हसली
की मेंढ्या उठून जरा लांब जाऊन उभ्या राहिल्या.

खडक अर्धाच खरवडायचा.
शाळेत असताना तिने उघडा केलेला एक
अजून वीतभरसुद्धा भरला नाहीये.
लाल हवा असेल तर वाळूतल्या एका रोपाची मुळं,
पण ती उपटायची नाहीत,
किनारा त्यांनीच धरून ठेवलाय.
तिच्या पणजीला त्यापायी दंड झाला होता,
एक मेंढी.
लालबद्दल एवढंच बोलली.

घरामागे तीन पायांचा बिडाचा हंडा.
खाली पीटची ढेकळं धुमसतात.
लोकरीचा थर, दगडफुलाचा थर, पुन्हा लोकर,
बिर्याणीसारखं, हे मी मनात म्हटलं.
तुरटी नको, शिळं मूत नको,
बाकीच्या रंगांची मनधरणी करावी लागते,
हा आपणहून चिकटतो.
सकाळपासून दिवेलागणीपर्यंत उकळलं
तेव्हा काठीवर पहिली लड वर आली,
बोटीच्या गंजलेल्या नांगराचा रंग.

हे कोळी घालत नाहीत, ती म्हणाली.
दगडावरून आलेलं दगडाकडे जातं.
तळाशी.

टोरमोडने कधीच घातलं नाही.
नवऱ्यासाठी ती निळे विणायची,
नीळ दुकानातली, पुडीतली.
धाकटा दीर फिन्ला मुद्दाम तपकिरी मागायचा,
बोटीच्या कडेवर बसून पाय हलवत
धक्क्यावरच्या म्हाताऱ्यांना दाखवायचा.
त्या नोव्हेंबरात बोट एकच गेली होती.
फिन्ला परत आला.

हे सांगताना ती लड पिळत होती.
तांबूस पाणी मनगटावरून कोपरापर्यंत आलं,
तिथून गवतात.
फिन्ला ग्लासगोला गेला, तीस वर्षं बस चालवली.
दर नाताळला मोजे मागतो, अजून तपकिरीच.
ती पाठवते.
पार्सल पण बोटीनेच जातं म्हणा,
पण पार्सलात पाय नसतात.

मग ते खोटंच ठरलं ना,
मी विचारलं. विचारायला नको होतं.
ती हंड्यावर वाकली.
तळाशी एखादी लड राहिली असेल म्हणून
काठीने शोधत राहिली,
बराच वेळ. लडी सहा होत्या.
सहाही माझ्यासमोर दोरीवर ठिबकत होत्या.

निघायच्या दिवशी तिने एक जोड दिला.
जमिनीवर घाल, म्हणाली. धक्का सोडताना नाही.

फेरीवर थंडी अशी की बोटं बधिर.
माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही,
मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते.
सामान खाली ठेवा, खलाशी म्हणाला.
सगळं ठेवलं.
मोजे तेवढे मांडीवर घेऊन बसले,
उघड्या पायांनी, चार तास.
वास अगदी आमच्या मसाल्याच्या डब्याचा,
भिजलेल्या.
समोरच्या बाकावरचा म्हातारा
एकदा मोज्यांकडे, एकदा माझ्या पायांकडे बघून
न बोलता त्याचा कोट
माझ्या पावलांवर टाकून गेला.